उतरता कागद

१९८३ च्या मे महिन्यात माझ्या बाबांनी एका गिऱ्हाइकाला गोळी द्यायला नकार दिला, आणि चौथ्या दिवशी तो माणूस आमच्या दुकानाच्या पायरीवर कोसळला.

तो नागपूरच्या इतवारीत हमाली करायचा. पन्नाशीचा असेल. पोती वाहून गुडघे पार गेलेले. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी यायचा, काउंटरवर नाणी मांडायचा आणि म्हणायचा, "भाऊ, ते बारकी पांढरी द्या जी." बारकी पांढरी म्हणजे बेटनेसॉल, बीटामेथासोन या स्टिरॉइडची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी. कधीतरी एका डॉक्टरनं त्याला ती आठ दिवसांसाठी लिहून दिली होती. चिठ्ठीच्या घड्या फाटल्या, शाई पुसली, तरी गोळी चालूच राहिली. बाबा कात्रीनं स्ट्रिप कापून चार-सहा गोळ्या द्यायचे. तेव्हा आमच्या ओळीतली सगळीच दुकानं द्यायची. कायदा नव्हता असं नाही. औषधांचा कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे, आणि चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांची यादीही होती. पण उद्या पहाटे ज्याला पोतं उचलायचं आहे त्याला दुखणं थांबवणारी गोळी नाही कशी म्हणायची, हा प्रश्न बाबांना कायद्यापेक्षा मोठा वाटायचा.

मी डी. फार्म. होऊन पाच वर्षं त्यांच्यासोबत काउंटरला उभी राहत होते. त्या माणसाचे गाल हळूहळू फुगले, चेहरा गोल झाला, मानेमागे मांस चढलं. हातपाय मात्र काड्यांसारखे होत गेले. बाजारातले लोक त्याला तब्येत सुधारली म्हणायचे. मला ते बघवेना. एका रात्री दुकान बंद करताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, हे अंग भरलेलं नाही, ही गोळीची सूज आहे. बंद करा." बाबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला समजावलं, हात जोडले आणि गोळी दिली नाही. त्या रात्री आपण एक चांगलं काम केलं या समाधानात मी झोपले.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला तो दोघांच्या आधारानं. ओकाऱ्या होत होत्या, अंग घामानं थंडगार, नाडी हाताला लागत नव्हती. बाहेर ऊन असं की पायरीचा दगड भाजत होता. रिक्षात घालून त्याला मेयो रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, काय घेत होता? मी सांगितलं. त्यांनी सलाइन लावलं, शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिलं, आणि संध्याकाळी तो उठून बसला, पाणी मागू लागला. जाताना ते डॉक्टर मला म्हणाले, "वर्षभर दिली ही तुमची एक चूक. एकदम तोडली ही दुसरी, आणि ही मोठी."

हे वाक्य मी विसरले नाही. पुढची चाळीस वर्षं मी जे काही काउंटरवर केलं, ते या वाक्यामुळे.

मेयो म्हटलं की एक गोष्ट मला नेहमी आठवते. आपलं मेयो लॉर्ड मेयोच्या नावाचं. १८७२ मध्ये अंदमानात ज्याचा खून झाला तो व्हाइसरॉय. पुढे तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला इंदिरा गांधींचं नाव मिळालं, पण नागपूरच्या तोंडी मेयोच राहिलं. ज्या औषधानं तो हमाल तिथं उठून बसला, त्या स्टिरॉइड जातीच्या औषधाचा जन्मही एका मेयोतच झाला, फक्त ते मेयो अमेरिकेतल्या मिनेसोटातलं. नावापलीकडे दोन्हींचा काही संबंध नाही.

तिथं फिलिप हेंच नावाचे संधिवाताचे डॉक्टर होते आणि एडवर्ड केंडल नावाचे रसायनतज्ज्ञ. कावीळ झाली किंवा दिवस राहिले की संधिवाताच्या रोग्यांचं दुखणं काही काळ मावळतं, हे हेंच यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. शरीरातच असा काहीतरी पदार्थ तयार होत असणार, असा त्यांचा कयास. २१ सप्टेंबर १९४८ ला त्यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन या अशाच पदार्थाचं १०० मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन दिलं. रोज तेवढंच देत गेले. आठवडाभरात ती बाई बाजारात फिरून आली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं.

सुरुवातीला हे औषध बैलाच्या पित्तापासून, तीसहून जास्त टप्प्यांतून, काढावं लागायचं. एका ग्रॅमला २०० डॉलर. मग मेक्सिकोतल्या रानकंदापासून कच्चा माल मिळू लागला, १९५२ मध्ये बुरशीकडून त्यातला सगळ्यात अवघड टप्पा करून घेण्याची युक्ती सापडली, आणि किंमत कोसळली. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन आले. आमच्याकडे वायसोलोन म्हणून खपते ती हीच प्रेडनिसोलोन. दहा वर्षांच्या आत जगातली सोन्याहून महाग वस्तू हमालाच्या खिशातल्या नाण्यांत बसू लागली. गरिबांच्या हाती औषध आलं हे चांगलंच झालं. पण त्याची मात्रा सांभाळायची अक्कल त्याच वेगानं आली नाही, आमच्यासारख्या दुकानदारांना तर नाहीच.

आणि मात्रेचा हिशेब तरी केवढा फसवा! प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे जुन्या कॉर्टिसोनचे २५. म्हणजे हेंच यांनी त्या बाईला दिलेले १०० म्हणजे आपले २०. तेच ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४, डेफ्लाझाकॉर्टचे ६, आणि डेक्सामेथासोनचं जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. गोळी बारीक म्हणून औषध हलकं, असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि इथं नेमकं उलट आहे. दुकानात नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला हा तक्ता पाठ करायला लावायचे. "अर्ध्या मिलिग्रॅमची आहे ताई, काय होते," असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना मी तो वाचून दाखवला आहे.

हमालाची हकीकत घडली त्याच्या पुढच्या रविवारी माझे मामा वर्ध्याहून आले. ते कुष्ठरोगाच्या कामात पॅरामेडिकल वर्कर होते. सायकलवर गावोगाव फिरून चट्टे शोधायचे. विदर्भाला या कामाची जुनी ओळख आहे. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी वसाहत सुरू केली. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुवायचे. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं, आणि डॉ. वारदेकरांनी तिथून पाहणी, शिक्षण, उपचार अशी जी रीत घालून दिली ती पुढे देशभर गेली. १९८२ च्या आसपास तीन औषधं एकत्र देण्याची नवी पद्धत ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी आली, त्यांत वर्धा होता.

कुष्ठरोगाशी स्टिरॉइडचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. मामांनी माझा हात धरून कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला. "ही नस. रोग्याला रिअ‍ॅक्शन आली की ही सुजते, सुतळीचा दोर होतो. पंधरा दिवसांत करंगळी वाकते आणि मग वाकलेलीच राहते. जंतू मारणारं औषध ही सूज उतरवत नाही. ती उतरवते प्रेडनिसोलोन." मग त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्याचं टोक माझ्या तळहातावर अलगद टेकवलं. डोळे मिटायला सांगितलं. "कुठं लागलं ते बोट लावून दाखव." रोग्याची बधिरता ते अशीच तपासायचे, दर पंधरा दिवसांनी, त्याच दहा जागा, आणि कार्डावर खुणा करायचे. खुणा परत आल्या की नस जगली. मज्जातंतूचं बळ जाऊन सहा महिने उलटायच्या आत गोळी सुरू झाली तर हात वाचण्याची आशा असते. ती वेळ टळली की मग सारं अवघड.

"आणि बंद कशी करता?" मी विचारलं.

"बंद करत नाही," मामा म्हणाले. "उतरवतो. विहिरीत माणूस उतरवतात तशी. दोर सोडून देत नाही."

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ठरावीक क्रमच घालून दिला. मोठ्या माणसाला रोज ४० मिलिग्रॅमनं सुरुवात, दोन आठवडे. मग ३०, २०, १५, १०, ५, प्रत्येकी दोन आठवडे. एकूण बारा आठवडे. पुढे पुढे या क्रमाची तयार पाकिटंही आली. मामांच्या पिढीतल्या लोकांनी अक्षर न येणाऱ्या रोग्यांना, एसटी न जाणाऱ्या गावांत, ही उतरण पाळायला शिकवली. शहरातल्या पुष्कळ दवाखान्यांत ती शिस्त तेव्हा नव्हती. विदर्भात स्टिरॉइड नीट उतरवायला कुणी शिकवलं असेल तर सायकलवरच्या या माणसांनी, असं माझं ठाम मत आहे. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

उतरवायचं का, ते मामांनी असं सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्या आपल्या अंगातलं स्टिरॉइड रोज तयार करतात, साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं, आणि सगळ्यात जास्त सकाळी. गोळी बाहेरून येऊ लागली की ग्रंथी हात आखडतात. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त गोळी चालली तर त्या झोपीच जातात. गोळी एकदम तोडली की अंगात बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही, अशी अवस्था होते. रक्तदाब पडतो, साखर पडते, ओकाऱ्या लागतात, माणूस पायरीवर कोसळतो. म्हणून ग्रंथींना जागं व्हायला वेळ द्यायचा. म्हणूनच गोळी सकाळी, नाश्त्यानंतर: शरीराची वेळ तीच, रात्रीची झोपही उडत नाही, आणि पोट रिकामं नसतं.

त्या रविवारी रात्री मी पहिला कागद केला. औषधांच्या रिकाम्या खोक्यांची आतली बाजू पांढरी असते. ती कापली, पट्टीनं चौकटी आखल्या, एका दिवसाला एक चौकट. हमालाला वाचता येत नव्हतं म्हणून आकडे लिहिले नाहीत. गोळ्या काढल्या. पूर्ण गोळीला पूर्ण गोल, अर्ध्या गोळीला अर्धा. मेयोतल्या डॉक्टरांनी जो क्रम लिहून दिला होता तोच मी गोलांत उतरवला. वरच्या ओळीत गोल दाटीवाटीनं, खाली खाली विरळ, शेवटच्या ओळीत एक दिवसाआड अर्धा गोल, आणि मग रिकाम्या चौकटी. त्याच्या बायकोनं तो कागद भिंतीला लावला आणि रोज सकाळी एका चौकटीला हळदीचं बोट लावलं. पाच महिन्यांनी ती तो कागद घेऊन दुकानात आली. सगळा पिवळा झाला होता. हमालाचे गुडघे बरे झाले नाहीत. त्यानं पोती सोडली आणि धान्याच्या दुकानात मापाडी म्हणून बसू लागला. चेहरा मात्र पुन्हा त्याचा झाला.

तेव्हापासून आमच्या गल्ल्याखाली कापलेल्या खोक्यांचा गठ्ठा कायम असायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्टिरॉइड आठ-दहा दिवसांच्या वर दिसलं की मी कागद करायचेच. दमा, संधिवात, त्वचेचे फोड, डोळ्याच्या आतली सूज, आतड्याची सूज. मात्रा डॉक्टरांची, कागद माझा. कागदाच्या मागच्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहायचे: साखर तपासा. रक्तदाब तपासा. डोळे दाखवा. मळमळ, जोराचा ताप, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. हे शेवटचं मी दोनदा अधोरेखित करायचे. आजारपणात शरीराला जास्त स्टिरॉइड लागतं, आणि झोपलेल्या ग्रंथी ते देऊ शकत नाहीत.

सगळ्यात जास्त कागद मी लहान मुलांसाठी केले. नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात त्या आजारात लघवीतून प्रथिनं जातात आणि मूल सुजतं. सकाळी डोळे उघडत नाहीत, चड्डीची नाडी कमरेत रुतते. उमरेडकडची एक माय तिच्या चार वर्षांच्या पोराला घेऊन मेडिकलमधून, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, थेट आमच्याकडे आली होती. पोट्ट्याचं वजन, सूज सोडून, १५ किलो. डॉक्टरांनी किलोला २ मिलिग्रॅम या हिशेबानं रोज ३० मिलिग्रॅम लिहिलं होतं, सहा आठवडे. म्हणजे १० च्या तीन गोळ्या. त्यानंतर किलोला दीड या हिशेबानं २२.५, तेही एक दिवसाआड, आणखी सहा आठवडे. म्हणजे ५ च्या साडेचार गोळ्या. ती अर्धी गोळी कशी तोडायची ते मी तिला काउंटरवर दाखवलं: मधल्या रेघेवर दोन्ही अंगठे ठेवून. उरलेला अर्धा भाग कोरड्या डबीत.

तिला दवाखान्यातून एक काचेची नळी आणि औषधाची बाटली दिली होती. सकाळची लघवी नळीत घ्यायची, त्यात थेंब टाकायचे, पांढरं फाटलं की प्रथिनं जाताहेत, स्वच्छ राहिलं की नाही. ती बाई शाळेत गेली नव्हती. पण तिनं वहीत रोज एक ढग काढला. दाट ढग, पातळ ढग. अकराव्या दिवशी पान कोरं. ती वही तिनं मला दाखवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. अशी बहुतेक मुलं या गोळीनं सावरतात. पुष्कळांचा आजार परत परत येतो, आणि मोठी होता होता बहुतेकांचा सुटतो. मात्र गोळी चालू असताना शेजारच्या मुलाला कांजण्या आल्या तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मी त्या माउलीकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. दबलेल्या प्रतिकारशक्तीत कांजण्या जिवावर बेततात.

दुसरीकडे औषधाच्या बिननावाच्या पुड्या चालूच होत्या. विदर्भात कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देण्याची जुनी प्रथा आहे. श्रद्धेनं जाणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी बोलते आहे ते बिननावाच्या पुड्यांबद्दल आणि काळ्या गोळ्यांबद्दल. "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून त्या दिल्या जातात, आणि तीन दिवसांत दमा गायब, सांधे मोकळे, भूक खवळलेली. इतक्या झटपट फरक पडला की मला पहिली शंका स्टिरॉइडची येते. महाराष्ट्रात आणि बाहेरही अशा औषधांच्या तपासणीत ते मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव आणि मात्रा निदान कागदावर असते. पुडीत किती आहे ते घेणाऱ्याला कळत नाही, आणि देणारा गाव सोडून गेला की उतरवणार कोण? हा लोकांच्या विश्वासाचा घात आहे. माझ्या मते तो गुन्हाच आहे, आणि तसाच धरला गेला पाहिजे.

मग कोविडच्या काळातला २०२१ चा एप्रिल आला. तोवर दुकान माझा पुतण्या बघत होता आणि मी घरून फोनवर असायचे. आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीनं सांगितलं होतं की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांतले मृत्यू एक तृतीयांशानं आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशानं घटतात. पंचवीस-तीस वर्षांपासून आमच्या कपाटात पडलेली स्वस्त गोळी जगाच्या कामी आली, याचा मला अभिमान वाटला होता. पण त्याच चाचणीनं आणखी एक सांगितलं होतं: ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना या औषधाचा फायदा नाही. ते वाक्य नागपुरापर्यंत येताना वाटेत कुठंतरी गळलं. व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठ्या फिरल्या. पहिल्या दिवसाच्या तापाला लोक मिथाइलप्रेडनिसोलोन मागू लागले, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर, मेलेल्या माणसाच्या चिठ्ठीवरसुद्धा. आम्ही नाही म्हणायचो, ते पुढच्या दुकानात जायचे.

महिन्याभरात काळी बुरशी आली. म्युकरमायकोसिस. साखर वाढलेली, त्यावर स्टिरॉइड, त्यावर कोविडनं थकलेलं शरीर. मेडिकलमध्ये, दंत महाविद्यालयात, धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत लोकांचे डोळे काढावे लागले, वरचे जबडे काढावे लागले. त्यावरचं औषध, अ‍ॅम्फोटेरिसिन-बी, मिळेना. मे अखेर वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं ते तयार करायला सुरुवात केली तेव्हा थोडा श्वास आला. ज्या वर्ध्यातून माझे मामा उतरत्या मात्रेची शिस्त सायकलवर घेऊन आले होते, तिथूनच आता मात्रा न सांभाळल्याचं औषध येत होतं. त्या वर्षी मामा हयात नव्हते.

त्या दोन महिन्यांत मी फोनवरून कागद केले. समोरच्याला सांगायचे, वही घ्या, चौकटी आखा, तुमच्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचा, आता गोल काढा. ज्यांच्याकडे उतरण लिहूनच दिलेली नव्हती त्यांना म्हणायचे, आधी डॉक्टरांना फोन लावा, किती दिवस आणि कशी कमी करायची ते विचारा, मग माझ्याशी बोला. आणि सगळ्यांना: रोज साखर बघा, नाकातून काळपट काही आलं, गाल बधिर झाला, दात हलले, दोन-दोन दिसू लागलं, तर रात्र काढू नका.

आता सत्तरीच्या उंबरठ्यावर डोळे दगा देतात, रेघा सरळ येत नाहीत. खोकी कापून गोल काढायचं काम पुतण्याची मुलगी करते. ती बी. फार्म.ला आहे.

तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, मग ती दम्याची असो, सांध्यांची असो की किडनीची, तर आज एवढं करा. तिचं नाव, मिलिग्रॅम आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहा आणि तो त्यांच्या पाकिटात ठेवा. कधी बंद करायची ते विचारू नका, कशी उतरवायची ते विचारा. आणि ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती पुडी घरात ठेवू नका. कुणी ती आधीपासून घेत असेल तर मात्र मनानं तोडू नका. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.